ओंडक्याचें मोल

घरांतील सोनें विकण्याची पाळी आली तर आपण सराफाच्या तराजूवर डोळे लावून बसतों. गुंजभर कमीजास्त झालेलें खपत नाहीं. धान्य विकतांना पोतें आपल्या समक्ष कांट्यावर चढवितों. दुधाचें माप कांठोकांठ भरलें कीं नाहीं, हें तर घरांतील लहान मूलहि पाहतें. परंतु शेताच्या बांधावरचें झाड विकावयाचें झालें म्हणजे हीच चोखंदळ मंडळी कमरेवर हात ठेवून उभी राहतात, शेंड्याकडे एकदां पाहतात आणि "द्या काय द्यायचें तें" असें म्हणून मोकळी होतात. चाळीस वर्षें ज्यानें ऊन-पाऊस सोसला त्या झाडाचा सौदा चहाचा कप रिकामा होण्यापूर्वींच उरकलेला असतो.

ही चूक आमच्या घरींहि होण्याच्या बेतांत होती. ती कशी टळली, किंवा खरें सांगावयाचें तर कितपत टळली, तें सांगण्यासाठीं हा लेख. त्या निमित्तानें तोडलेल्या लांकडाची किंमत कशी काढावी याचें साधें गणितहि वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे. आम्ही वखारवाले नाहीं, वनाधिकारीहि नाहीं. जन्मभर मुलांना संस्कृत आणि गणित शिकविलें एवढेंच आमचें भांडवल. या कामास तें पुरतें असा मात्र अनुभव आला.

सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. बाभूळ, कडुनिंब, चिंच हीं झाडें आमच्याकडे आपल्या बळावर वाढतात. साग वाढतो तो कोणी मायेनें पाणी घातलें तर. आमच्या वडिलांनीं सीनेच्या कांठच्या शेतांत विहिरीच्या पाटाकडेनें सागाचीं रोपें लावलीं. त्यांतलीं बावीस जगलीं. पुढें वडील गेले, थोरले बंधूहि गेले. शेत मात्र अद्याप एकत्र आहे. त्यांत एक वांटा वहिनींचा, एक आमचा आणि एक पुण्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या धाकट्या बंधूंचा. गेल्या उन्हाळ्यांत एक वखारवाले शेतावर आले, झाडांमधून एक फेरी मारली आणि बावीस झाडांचे उक्ते दोन लाख चाळीस हजार रुपये देऊं म्हणाले. तोडणी त्यांची, वाहतूक त्यांची, परवान्याची खटपटहि त्यांचीच. आम्हीं फक्त पैसे मोजून घ्यावयाचे.

धाकट्या बंधूंनीं फोनवरून तत्काळ होकार दिला. आम्हींहि मान डोलावली. वहिनींना नातीच्या कॉलेजचें शुल्क भरावयाचें होतें, तेव्हां पैशाची निकड सर्वांत अधिक त्यांनाच होती. पण त्याच शांतपणें म्हणाल्या, "भावोजी, झाडें बावीस आहेत हें मला ठाऊक आहे. लांकूड किती आहे तें कोणी सांगेल का?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दंडगोलाच्या घनफळाचीं उदाहरणें ज्यानें पस्तीस वर्षें मुलांकडून सोडवून घेतलीं, त्याला स्वतःच्या बांधावरच्या दंडगोलांचें घनफळ सांगतां येऊं नये, ही गोष्ट मनाला लागली. आम्हीं वखारवाल्यांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या रात्रीं कपाटांतून 'लीलावती' काढली. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इ. स. ११५० चा. त्यांच्या कुळाची हकीकत सांगणारा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे, म्हणून खानदेशकर आचार्यांवर हक्क सांगतात; विजापूरकरहि सांगतात, आणि विजापूर तर आमच्या सोलापूरच्या शेजारचें. तो वाद असो. 'लीलावती'मध्यें 'क्रकचव्यवहार' नांवाचें एक लहानसें प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. त्यांतील उदाहरण असें कीं, एक लांकूड बुंध्याशीं वीस अंगुळें जाड, शेंड्याशीं सोळा अंगुळें, आणि लांब शंभर अंगुळें. तें चार ठिकाणीं उभें कापलें, तर कापकामाचें माप किती? दोन टोकांच्या जाडीची बेरीज निम्मी करावी, म्हणजे १८. लांबीनें गुणावें, १८००. कापांच्या संख्येनें गुणावें, ७२००. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणून एका चौरस हाताचीं ५७६ अंगुळें, त्यांनीं भागावें. उत्तर साडेबारा चौरस हात. करवत जितका पृष्ठभाग उघडा करते तितकी करवत चालविणाराची मजुरी, हा यांतील आशय आहे.

प्रकरणाच्या शेवटीं आचार्यांनीं एक व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. अशा कामांचें मोल कामकऱ्याशीं झालेल्या ठरावावर आणि पदार्थाच्या मऊ-कठीणपणावर अवलंबून राहतें, असें ते म्हणतात. एवढा मोठा गणिती, पण गणित कोठें थांबतें आणि बोलणें कोठें सुरू होतें, हें त्याला पक्कें माहीत होतें. आम्हांस तेथेंच वाट सांपडली. लांकडाची किंमत तीन गोष्टींवर उभी असते: माप, प्रत आणि ठराव. एक पाय लंगडा पडला कीं तिवई कलंडते.

प्रथम माप पाहूं. उभ्या झाडाच्या किंवा पडलेल्या ओंडक्याच्या आंत शिरून व्यास मोजतां येत नाहीं. बाहेरून दोरी गुंडाळून घेर मात्र कोणालाहि मोजतां येतो. म्हणून लांकडाच्या व्यापारांत घेरावरून घनफळ काढण्याची चाल पडली. नियम असा: घेराचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा आणि लांबीनें गुणा. ओंडक्याचा घेर ४८ इंच असेल तर चौथाई १२ इंच, म्हणजे एक फूट. एकाचा वर्ग एक. ओंडका दहा फूट लांब असेल तर लांकूड दहा घनफूट. तोंडी हिशेब झाला! इंग्लंडांत एडवर्ड होपस यानें याच रीतीचे तयार कोष्टक असलेलें पुस्तक १७३६ सालीं छापलें, आणि इंग्रजी अमलाबरोबर ही रीत आपल्याकडील वखारींत येऊन रुजली.

आतां शाळेंतील गणित काय म्हणतें तें पाहूं. चार फूट घेराच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें १.२७ चौरस फूट. दहा फूट लांबीस तें १२.७ घनफूट होतें. वखारीच्या रीतीनें मात्र दहाच. म्हणजे खऱ्या घनफळापैकीं शेंकडा साडेएकवीस भाग या रीतीनें हिशेबाबाहेर राहतो. हें प्रथम कळलें तेव्हां आम्हांस मोठाच राग आला. पण थोडा वेळ पाटीवर आकृति काढून पाहिल्यावर राग ओसरला. गोल ओंडक्यांतून चौकोनी तुळई काढावयाची, तर चारी बाजूंच्या फळकुट्या निघून जाणारच. ४८ इंच घेराच्या ओंडक्यांत बसणारा मोठ्यांत मोठा चौरस सुमारें १०.८ इंचांचा, त्याचें लांकूड दहा फुटांस ८.१ घनफूट. विकणाराचें खरें लांकूड १२.७, घेणाराच्या हातीं येणारी अखंड तुळई ८.१, आणि चौथाई घेराचें माप या दोहोंच्या मधोमध, दहावर. साल, फळकुट्या आणि करवतीचा भुसा यांची वजावट या रीतींत आधींच धरलेली आहे. तेव्हां रीत अन्यायाची नाहीं. अन्याय तिच्या आडून होतो, आणि तो दोन-तीन ठिकाणीं होतो.

पहिलें ठिकाण म्हणजे घेर कोठें मोजावयाचा. ओंडका बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे निमुळता. समजा, बुंध्याशीं घेर ६० इंच, मध्यावर ४८ आणि शेंड्याशीं ३६ आहे. लांबी तीच दहा फूट. बुंध्याचा घेर धरला तर लांकूड १५.६ घनफूट भरतें. मध्याचा धरला तर १०. शेंड्याचा धरला तर अवघें ५.६. ओंडका एकच, रीत एकच, दोरी एकच. फक्त दोरी कोठें बांधली एवढ्यावर उत्तर जवळजवळ तिप्पट होतें. न्यूटनच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सूत्रांत दोन्ही टोकें एकेक वेळां आणि मध्य चार वेळां धरून सहांनीं भागतात. त्या सूत्रानें येथें १०.२ येतात. अर्थात् मध्यावर मोजलेलें माप खऱ्याच्या अगदीं निकट आहे, आणि दोन्ही पक्षांनीं तेंच धरावें हें उत्तम.

दुसरें ठिकाण सालीचें. साल अर्धा इंच जाड असेल तर घेर तीन इंचांहून थोडा अधिक उतरतो, आणि वरील दहा घनफुटांचे पावणेनऊ राहतात. साल वजा करणें गैर आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु चौथाई घेराच्या रीतींत ती वजा झालेलीच असते. मग पुनः साल सोडून मोजणें म्हणजे एकच वजावट दोनदां घेणें. त्यांतच दोरी शेंड्याच्या टोंकाशीं बांधली तर दहा घनफुटांचा ओंडका कागदावर ४.७ घनफूट भरतो. दर घनफुटास हजार रुपये असा सोपा भाव धरला, तर दहा हजारांचा माल पांच हजारांच्याहि आंत गेला, आणि भाव तर कोणीं एका पैशानें पाडला नाहीं!

तिसरें ठिकाण अपूर्णांकाचें. "पाऊण इंच सोडून देऊं, मास्तर" असें हंसत म्हटलें जातें. पण माप घेराच्या वर्गाप्रमाणें बदलतें, हें विसरूं नये. ४८ ऐवजीं ४७ इंच लिहिले तर शेंकडा चार भाग लांकूड गेलें. दुकानांतील कापडावर शेंकडा चार सूट मिळविण्यासाठीं आपण किती घासाघीस करतों तें आठवावें.

आणखी एक सावधगिरी. दशमान मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ सालीं झाला. वनखात्याच्या कागदांत घनमीटर असतो, वखारींत अजून घनफूट बोलला जातो. एक घनमीटर म्हणजे सुमारें ३५.३ घनफूट. भाव ऐकतांना तो कोणत्या मापाचा, आणि माप चौथाई घेराचें कीं खऱ्या वर्तुळाचें, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

आतां प्रत. वजनानें विकली जाते ती जळाऊ बाभूळ. इमारती लांकडाची किंमत नुसत्या आकारमानानें ठरत नाहीं. साग हें कांहीं सर्वांत कठीण लांकूड नाहीं; आमची बाभूळ त्याहून कठीण. पण साग वाळल्यावर फारसा वाकत-तडकत नाहीं, वाळवीला आणि पाण्याला दाद देत नाहीं, आणि रंध्यास वश होतो. मुंबईच्या गोदींत मलबारी सागाचें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें; तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. अयोध्येच्या श्रीराममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं साग गेला तो आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतील बल्लारशाह येथून. पण हा सर्व गुण गाभ्याच्या पिंगट लांकडाचा आहे. सालीलगतचें पांढुरकें लांकूड कीड लवकर खाते. कोंवळ्या झाडांत पांढरें फार आणि गाभा थोडा. झाड जुनें होत जाईल तसतसा गाभा वाढत जातो. म्हणून जाड ओंडक्यांत नुसतें लांकूडच अधिक नसतें, तर त्याच्या प्रत्येक घनफुटाचा भावहि अधिक असतो. जाडीचा लाभ असा दुहेरी आहे.

घेरावरून झाडांची वर्गवारी करण्याची युक्ति जुनी आहे. हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस हे १८५६ सालीं ब्रह्मदेशांत गेले. तेथील अफाट सागवनांत लांकूड किती, हें कोणालाच माहीत नव्हतें. त्यांनीं जंगलांतून ठराविक पट्टे आंखून जातांना दिसेल तो साग घेराप्रमाणें चार वर्गांत मोजला, आणि त्यावरून सबंध जंगलाचा अंदाज बांधला. जें मोजलें नाहीं त्याची जपणूकहि करतां येत नाहीं, हा धडा वनखात्यानें तेव्हांपासून गिरविला आहे.

हाच धडा न गिरविल्यामुळें १९९० नंतरच्या दशकांत पुष्कळ मध्यम स्थितींतील कुटुंबें पोळलीं. थोडे पैसे भरा, आमच्या मळ्यांत तुमच्या नांवानें सागाचीं रोपें लावूं, वीस वर्षांत लाखों रुपये घ्या, अशा जाहिराती तेव्हां घरोघरीं येत असत. अशा योजनांस आळा घालण्यासाठीं १९९९ सालीं सेबीनें सामूहिक गुंतवणुकीचे नियम केले. तोंवर अनेकांची पुंजी बुडाली होती. कोऱ्या कागदावर घेराचा वर्ग करून पाहिला असता तरी शंका आली असती. चोवीस इंच घेराच्या दहा फुटी सोटांत अडीच घनफूट लांकूड, आणि तेंहि बरेंचसें पांढरें. नैसर्गिक जंगलांत उत्तम साग तयार होण्यास साठ-ऐंशी वर्षें लागतात. जाहिरातदाराच्या घाईनें झाड वाढत नसतें.

प्रतीचे बाकीचे दोष डोळ्यांनीं व कानांनीं ओळखावयाचे. सोट सरळ आहे कीं वांकडा, गांठी किती, टोंकाला चिरा गेल्या आहेत काय, पीळ आहे काय, बुंधा पोकळ आहे काय. कुऱ्हाडीच्या पाठीनें खोडावर ठोकलें तर भरीव आणि पोकळ यांचा आवाज निराळा येतो. घरांतील बायका नारळ वाजवून घेतात, त्यांतलाच प्रकार. शिवाय पोकळीचा ओंडका तुकड्यांत तोडतांना शहाणपण लागतें. वांकडा भाग मध्यें येऊं न देतां छेद घेतला, तर एका वाईट ओंडक्याचे दोन चांगले होतात.

माप आणि प्रत यांवरून मिळते ती वखारींतील किंमत. बांधावरची किंमत त्याहून कमी असणारच. तोडणी, तुकडे करणें, ट्रॅक्टरनें ओढून रस्त्याशीं आणणें, भराई, गाडीभाडें आणि परवान्याचा खर्च हीं सारीं वजा करून उरेल तें झाडाचें खरें मोल. साग हा महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या परिशिष्टांतील वृक्ष असल्यामुळें स्वतःच्या शेतांतला असला तरी तो परवानगीवांचून तोडतां येत नाहीं; आणि तोडल्यावर वनखात्याचा शिक्का व वाहतुकीचा पास असल्यावांचून रस्त्यावर नेतां येत नाहीं. पासावांचून निघालेला उत्तमांतला उत्तम सागहि मालकाच्या पदरांत पैशाऐवजीं खटला टाकतो. नियमांत वेळोवेळीं फेरफार होतात, म्हणून तोडण्यापूर्वीं वनकार्यालयांत समक्ष चौकशी करावी.

इतकी तयारी करून आम्ही एके दिवशीं सकाळीं शेतावर गेलों. बरोबर फीत, चार फुटी काठी, शिडी, वही आणि वहिनींची नात. झाडाचें उपयोगी खोड किती उंच हें काढण्यास आम्हीं 'लीलावती'च्याच छायाव्यवहाराचा आधार घेतला. चार फुटी काठीची सांवली तीन फूट पडली. त्याच क्षणीं पहिल्या मोठ्या बेचक्याची सांवली खोडापासून पंधरा फुटांवर होती. त्रैराशिकानें बेचकें वीस फुटांवर ठरलें. खोड वीस फूट, म्हणजे मध्य दहा फुटांवर. तेथें शिडी लावून नातीनें फीत गुंडाळली आणि आम्हीं आंकडा लिहिला. शाळेंत ज्या मुलीला घनफळाचा कंटाळा येत असे तीच दुपारपर्यंत वही न पाहतां चौथाईचा वर्ग सांगूं लागली, हा या व्यवहारांतील पहिला नफा.

संध्याकाळीं बेरीज झाली. बावीसांपैकीं चौदा झाडें जाड. त्यांचें लांकूड २८० घनफूट, म्हणजे झाडामागें वीस. उरलेलीं आठ पाटाच्या शेवटाकडचीं, पाणी कमी मिळालेलीं. मध्याचा घेर तीस इंचांच्या आसपास, आठ मिळून ४० घनफूट. जाड चौदांपैकीं एक ठोकल्यावर पोकळ वाजलें, त्याचे वीस वजा केले. राहिले २६०. दुसऱ्या दोन वखारींत चौकशी करतां त्या जाडीच्या मालाचा पोंचता भाव दर घनफुटास १,२०० रुपये कळला. २६० घनफुटांचे ३,१२,००० झाले. तोडणीपासून परवान्यापर्यंतचा खर्च विचारपूस करून ७२,००० धरला. बाकी उरली २,४०,०००.

वाचकांच्या लक्षांत आलें असेल. हा आंकडा बरोबर वखारवाल्यांच्या उक्त्या रकमेइतका होता, आणि तो केवळ चौदा झाडांचा होता. उरलेलीं आठ झाडें आम्ही नकळत वर घालून देत होतों.

वखारवाल्यांस बोलावून आम्हीं वही पुढें ठेवली. ते रागावतील असें वाटलें होतें, पण त्यांनीं आंकड्यांवरून बोट फिरविलें आणि म्हणाले, "उक्त्या सौद्यांत पोकळ निघालें तर तें आमच्या डोक्यावर, म्हणून आम्ही हात राखून बोलतों. मोजून द्यायचें तर मोजून घेऊं." यांत खोटें कांहींच नव्हतें. जो डोळे मिटून घेतो तो धोक्याचा भाव लावणारच, आणि जो डोळे मिटून विकतो तो त्या धोक्याचे पैसे भरतो. दोघांनींहि डोळे उघडले तर धोका आणि पैसे दोन्ही कमी होतात.

मग झाडें पडण्यापूर्वींच ठराव कागदावर लिहिला. चौदाच झाडें तोडावयाचीं. खर्च आमचा. माप तोडल्यावर, दोन्ही पक्षांसमक्ष, सालीसकट मध्याच्या चौथाई घेराचें. सालीची वेगळी वजावट नाहीं. अर्धा इंच व त्यावर असेल तर पुढचा पूर्ण इंच, कमी असेल तर मागचा. पोकळ व कुजका भाग कापून टाकून उरेल तेवढेंच मोजावयाचें. प्रत्येक ओंडक्याच्या टोंकाला रंगानें क्रमांक, घेर आणि लांबी लिहावयाची, याद्या दोन. वखारींत माल उतरल्याबरोबर पैसे. एवढ्या ओळी लिहिण्यास अर्धा तास लागला. तो अर्धा तास न दिल्यामुळें कित्येक घरांत वर्षानुवर्षें भाऊ भावाशीं बोलत नाहींत, हें आम्हीं पाहिलें आहे. एकत्र कुटुंबांत पैशाचा तोटा एकवेळ सोसतां येतो; "कोणी तरी आंतून खाल्लें" हा संशय सोसत नाहीं. समक्ष मोजलेल्या मापाला संशय चिकटत नाहीं.

झाडें पडलीं. वरून धडधाकट दिसणाऱ्या आणखी एका खोडाचा गाभा आंतून काळा पडलेला निघाला, आणि २६० घनफुटांच्या आमच्या अंदाजाला प्रत्यक्षांत २४७ भरले. त्यांचे २,९६,४०० रुपये आले, खर्च ठरल्याप्रमाणें ७२,००० झाला, राहिले २,२४,४००. प्रत्येक वांट्यास ७४,८०० आले. वहिनींनीं आपल्यांतून नातीचें शुल्क त्याच दिवशीं भरलें.

धाकटे बंधू गणेशचतुर्थीस घरीं आले तेव्हां जेवणाच्या पंगतींत त्यांनीं आमची थट्टा आरंभिली. "नाना, उक्ते दोन लाख चाळीस हजार मिळत होते. आठ दिवस खपून, शिडीवर चढून, लीलावती वाचून तुम्हीं साडेपंधरा हजार रुपये घालविलेत कीं!"

आम्ही हिशेब सांगावयास तोंड उघडणार, तोंच वहिनी वाढतां वाढतां थांबल्या. "भाऊजींनीं घालविले खरे," त्या म्हणाल्या, "पण बांधावर आठ झाडें उभीं आहेत, तीं कोणाच्या वांट्याला मांडलीत?"

त्या आठ झाडांना आतां पाटाचें पाणी वळविलें आहे. मध्याचा घेर आज तीस इंच आहे. तो अठ्ठेचाळीस झाला म्हणजे तितक्याच लांबींत लांकूड अडीचपटीहून अधिक होईल. त्यास किती वर्षें लागतील तें झाडांच्या आणि पावसाच्या हातीं. तोंवर आम्ही बहुधा असणार नाहीं. वही मात्र नातीच्या स्वाधीन केली आहे. दर पाडव्यास शेतावर जाऊन आठहि झाडांचा घेर लिहावयाचा, असें तिनें आपणहून कबूल केलें आहे.